मुरबाडच्या माळावर फोर बाय फोर : शनिवार-रविवारची तयारी इथे बोलूया

लो_रेंज | सोमवार, रात्री १०.०५

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अंगाला, वरकस माळावर जमायचं नक्की झालं. जमीन खाजगी आहे, मालकांची लेखी परवानगी हातात आहे. नेमकी जागा नोंदणी झालेल्यांनाच कळवणार. कृपया ती इथे टाकू नका. दुसऱ्या आठवड्यात तिथे अनोळखी गाड्या घुसल्या तर मालक पुढच्या खेपेला नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

गाड्या जास्तीत जास्त १४. चार गाड्यांमागे एक मार्शल धरला तर एवढ्याच सांभाळता येतात. पंधरावी गाडी आली की रांगेचं शेवटचं टोक मार्शलच्या नजरेबाहेर जातं, आणि चुका तिथेच होतात.

ठाण्याच्या लोकांनी माजिवड्याहून नाशिक हायवेने रांजणोली, तिथून कल्याण, शहाड, म्हारळ, रायते, मुरबाड असं यावं. नवी मुंबईकरांनी कल्याणात शिरू नका. महापे, शीळफाटा, काटई, बदलापूर आणि मग बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड. अंतर जवळपास तेवढंच, पण पत्रीपुलाची कोंडी टळते. टाकी मुरबाडच्या अलीकडेच फुल करा. लोमध्ये (लो रेशोच्या गियरमध्ये, म्हणजे वेग कमी, ताकद जास्त) दिवसभर चाललेली गाडी रस्त्याच्या दुपटीहून जास्त तेल पिते.

शनिवारी सकाळी तपासणी, टायरची हवा कमी करणं आणि रिकव्हरीचा, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढण्याचा, सराव. दुपारी मुरमाचे चढ-उतार. चिखलपट्टा आणि ओहोळ रविवारी, तेही सकाळी ११ च्या आत. परतीचा पाऊस दुपारनंतर ढग भरून येतो आणि माथ्यावर पडलेलं पाणी खाली पोचायला फार वेळ लावत नाही.

लो रेशो नसलेली गाडी घेणार नाही, मग ती ऑल व्हील ड्राइव्ह का असेना. तपासणीत पुढच्या गोष्टी बघणार: पुढे-मागे रिकव्हरी पॉइंट, चालू स्थितीतली स्टेपनी, सगळ्या सीटचे पट्टे, ब्रेक ऑइल आणि बॅटरीचा क्लॅम्प. क्लॅम्प ढिला असेल तर खडकाळ उतारावर बॅटरी उडते, टर्मिनल बोनेटला टेकतं आणि ठिणगी पडते. दहा नंबरचा पाना लावून दोन मिनिटांत घट्ट होतो, घरूनच करून या.

---

ऐरोलीची_जिम्नी | सोमवार, रात्री १०.४८

नमस्कार, पहिल्यांदाच येतेय. जिम्नी, टायर कंपनीचेच, १९५/८० आर १५. यांच्यावर चिखलपट्टा जमेल का, की आधी टायर बदलून घेऊ?

आणखी एक विचारायचं होतं. नुसत्या सरावासाठी मुरबाड लांब पडतं. येऊर, खारघरची टेकडी किंवा खाडीकाठचा गाळ का नको?

---

लो_रेंज | सोमवार, रात्री ११.२०

ताई, स्वागत. टायर बदलू नका, त्याबद्दल खाली जाणकार लिहितीलच. जागेचं आधी सांगतो.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे गाडी रस्ता सोडून नेणं हा थेट वन्यजीव कायद्याचा भंग. खाडीकाठ तर विषयच नको. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यभर कांदळवनाला संरक्षण आहे, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ पासून ती रामसर जागा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या गाळाला तळ नाही. तिथे रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर निघतच नाही. खारघरच्या टेकडीवर पहाटे चालायला येणारी माणसं असतात, तिथे गाड्या न्यायच्या नसतात.

‘खाजगी जमीन’ एवढ्यावरही विसंबू नका. ठाणे जिल्ह्यात कितीतरी सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद असते. कसणारा वेगळा, पण जमीन वनखात्याची. म्हणून परवानगीआधी सातबारा वाचायचा आणि तशी नोंद दिसली की जागा सोडून द्यायची. या माळाच्या सातबाऱ्यावर तशी नोंद नाही.

---

मुरूम_आणि_माती | मंगळवार, सकाळी ७.१०

टायरबद्दल.

कंपनीच्या टायरवर हा माळ पार होतो, अट एकच : हवा कमी करायची. रस्त्याचं प्रेशर घेऊन माळावर आलात तर महागडा मड टायरही वाया आहे. हवा कमी केली की टायर रुंद होतो त्याहून जास्त लांब होतो. जमिनीला टेकणारा पट्टा लांबला की वजन पसरतं, आणि टोकदार दगडावर टायर ताठ राहून कापला जाण्याऐवजी दगड अंगात घेतो.

थार आणि स्कॉर्पिओच्या वजनाला मुरमावर २२ ते २४ पीएसआय, ओल्या मातीत १८ ते २०. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, तिला मुरमावर २० आणि मातीत १६ पुरे. १५ च्या खाली बीडलॉक (टायरची कड, म्हणजे बीड, रिमला आवळून धरणारी कडी) नसताना कुणीही जायचं नाही. वळताना बीड रिमवरून सुटतो, टायर निखळतो आणि मग चिखलात जॅक लावायची वेळ येते. हवा कमी असताना वेग ताशी ३० च्या आत, आणि स्टिअरिंगला झटके नकोत.

मोजमाप एकाच गेजने करा. दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो, आणि १६ च्या आसपास तो फरक महत्त्वाचा आहे. टायर थंड असताना मोजा. व्हॉल्व्ह कोर काढून हवा सोडणार असाल तर कोर मुठीत धरा. माळावर पडलेला कोर गवतात सापडत नाही, चार सुटे कोर डिकीत ठेवा.

परतताना डांबरावर चढण्याआधी हवा भरायची. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावा, सिगरेट सॉकेटला नको. १० अँपिअरचा फ्यूज तिसऱ्या टायरला उडतो. चौदा गाड्यांना तीन चांगले कॉम्प्रेसर लागतील. नाहीतर तासभर सगळे नुसते उभे.

---

रानवाट | मंगळवार, सकाळी ९.३५

वरच्या आकड्यांशी मुरमापुरती सहमत. चिखलाबाबत थोडं वेगळं मत आहे.

‘चिखल’ म्हणून एकच गोष्ट नसते. या पट्ट्यात वर वीतभर चिकण माती आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो. अशा ठिकाणी टायरने वरची माती कापून खालच्या कडक थराला टेकायला हवं. फार पसरवलेला टायर वरच तरंगतो आणि घसरतो. म्हणून आधी उतरून काठी रोवून बघा. वीतभरात टणक लागलं तर प्रेशर २० च्या खाली नेऊ नका. काठी हातभर सरळ आत गेली तर १६ ला या, आणि तरीही शक्य असेल तर बाजूने जा.

चिकण माती हायवे टायरच्या नक्षीत दोन फेऱ्यांत भरते, टायर तुकतुकीत होतो. तेव्हा रेस वाढवून चाक फिरवलं तर माती बाहेर फेकली जाते, पण चाक खालीही खणतं. दोन सेकंदांत गाडी पुढे सरकली नाही तर पाय काढा.

ताई, जिम्नीबद्दल एक महत्त्वाचं. तिला डिफ लॉक नाही, म्हणजे डिफ (अ‍ॅक्सलच्या मधला गियरचा डबा) लॉक करून दोन्ही चाकं एकत्र फिरवता येत नाहीत. एक चाक हवेत गेलं की ते चाक ब्रेक लावून थांबवलं जातं आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. चाक फिरताना दिसलं की नवे चालक घाबरून पाय काढतात आणि तिथेच ते काम थांबतं. त्या ठिकाणी १,८०० ते २,००० आरपीएमला पाय स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद धीर धरायचा. कटकट आवाज येईल, तो ब्रेकचा असतो. मागे मेकॅनिकल लॉकर असलेल्या थारमध्येही तसंच : दोन चाकांच्या वेगात पुरेसा फरक पडला की तो ठक् करून लागतो. पाय सतत वरखाली केला तर लागत-सुटत राहतो आणि मागचा अ‍ॅक्सल धक्के खातो.

म्हणजे ‘चाक फिरतंय’ आणि ‘चाक खणतंय’ यातला फरक ओळखायचा. एक चाक हवेत असेल तर धीर धरा. चारही चाकं मातीत असतील तर थांबा.

---

मुरूम_आणि_माती | मंगळवार, सकाळी १०.०२

काठीचं पटलं. माझे आकडे खोल मातीचे होते, कातळावरच्या पातळ चिखलाला २० बरोबर.

---

पाना_चौदा | मंगळवार, रात्री ९.१५

रिकव्हरीवर सविस्तर लिहितो, कारण या छंदात माणसं जखमी होतात ती बहुतेक इथेच. गाडी रुतली म्हणून कुणाला इजा होत नाही. रुतलेली गाडी घाईने ओढताना होते.

आधी फावडं. गाडी किती रुतली आहे त्यावर ओढायला लागणारी ताकद ठरते. ढोबळ हिशोब असा : रिमपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाएवढी, हबपर्यंत असेल तर दुप्पट, बॉडी टेकली तर तिप्पट. पावणेदोन टनांची थार पोटावर बसली की दोरावर पाच टनांहून जास्त ओढ येते. दहा मिनिटं खणून चाकांसमोर उतार केला, डिफखालची माती काढली, की तीच ओढ निम्म्याने उतरते. आणि शक्यतो आली त्याच बाजूने मागे ओढा, तिथे रस्ता आधीच कापलेला असतो.

दोर दोन प्रकारचे आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कायनेटिक दोर नायलॉनचा, २० ते ३० टक्के ताणला जातो. ताणात साठलेली शक्ती गाडी उपसून काढते. टोचनाचा पट्टा पॉलिएस्टरचा, तो जवळपास ताणत नाही. त्याने झटका मारला तर सगळा धक्का हुकावर येतो. साखळी आणि लोखंडी वायरने झटका कधीच नाही.

दोराची जाडी हलक्या गाडीच्या एकूण वजनावरून ठरवा. तुटण्याची क्षमता त्याच्या दुप्पट ते तिप्पट. थारला २२ मिमी, जिम्नीला १९ मिमी. हलक्या गाडीला जाड दोर लावला तर तो ताणलाच जात नाही, मग कायनेटिकचा उपयोग काय.

कृती अशी. दोर ९ मीटरचा धरा. ओढणारी गाडी मागे आणून दोन-अडीच मीटर दोर ढिला सोडायचा, इंग्रजी एस आकारात जमिनीवर पसरून, गाठ किंवा पीळ नाही हे बघून. दोन्ही गाड्या लो फर्स्टमध्ये. मागे काढायची असेल तर रुतलेली रिव्हर्समध्ये. पहिली ओढ चालण्याच्या वेगाने. नाही निघाली तर थांबा, पुन्हा खणा, मग वेग थोडा वाढवा. तीन ओढींत नाही निघाली तर दोर सोडा आणि विंचकडे (गाडीवर बसवलेलं, दोर ड्रमवर गुंडाळत ओढणारं यंत्र) जा. चौथी ओढ घेताना लोक चिडून वेग वाढवतात, आणि हुक त्याच ओढीत तुटतात.

शॅकल (दोर हुकाला जोडणारी पिनवाली लोखंडी कडी) बो आकाराचा, अंगावर क्षमता कोरलेली. ३.२५ टनी शॅकलचं अंग १६ मिमी आणि पिन १९ मिमीची, ४.७५ टनीचं १९ आणि २२. काहीच कोरलेलं नसेल तर तो घराबाहेर काढू नका. पिन हाताने पूर्ण आवळून पाव फेरा मागे फिरवा. पूर्ण आवळलेली पिन ताणानंतर पान्यानेही सुटत नाही. दोन पट्टे जोडायचे तर मध्ये शॅकल कधीही नाही. पट्टा तुटला की तो शॅकल तोफेच्या गोळ्यासारखा जातो. एकाचा फास दुसऱ्यातून ओवायचा आणि मध्ये वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी ठेवायची, म्हणजे ताणानंतर फास सोडवता येतात.

दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका. दोर तुटलाच तर गोणपाट त्याला जमिनीकडे ओढतं. बघे दोराच्या दीडपट लांब, म्हणजे ९ मीटरच्या दोराला १३-१४ मीटर, आणि बाजूला. दोराच्या रेषेत पुढे-मागे कुणीही नाही, फोनवर शूटिंग करणारेही नाहीत. दोन्ही गाड्यांच्या काचा वर आणि बोनेट बंद. फारच जोर लागणार असेल तर बोनेट उघडं ठेवायला हरकत नाही, पण मग समोर बघायला मार्शल हवा.

इशारे एकच माणूस देणार. ‘थांब’ मात्र कुणीही ओरडू शकतो आणि तो ऐकायचाच.

---

घोडबंदर_डिझेल | मंगळवार, रात्री ९.५०

दादा, बंपरमध्ये झाकण काढून फिरवून बसवतात तो कंपनीचा टोचन हुक चालेल का? आणि मागे ट्रेलरचा बॉल आहे, त्याला फास टाकला तर?

---

पाना_चौदा | मंगळवार, रात्री १०.०५

बॉलला कदापि नाही. त्याचा दांडा वजन वाहायला असतो, झटका सोसायला नाही. दांडा तुटला की तो लोखंडी गोळा ताणलेल्या दोरासोबत समोरच्या काचेतून आत येतो. यात अपवाद नाही.

फिरवून बसवायचा हुक रस्त्यावर सरळ, सावकाश टोचनापुरता. तिरक्या ओढीत त्याचा आटा वाकतो. गाडीच्या पोटाखाली जे डोळे दिसतात ते ट्रकवर गाडी बांधायचे असतात, तेही नाहीत. चॅसिसला दोन बोल्टांनी बसलेला, किमान ८.८ ग्रेडच्या बोल्टांचा हुक हवा. ट्रेलरचा रिसीव्हर चॅसिसवर पक्का असेल तर बॉल पूर्ण काढून त्या चौकोनी नळीत रिकव्हरी हिच बसवा, शॅकल त्याला. शनिवारी तपासणीत खाली झोपून बोल्टांची डोकी बघणार आहे. गंज धरलेला बोल्ट दिसला तर त्या गाडीला चिखलपट्टा नाही.

---

रानवाट | मंगळवार, रात्री १०.४०

विंचबद्दल भर घालते. ९५०० पौंडी विंच म्हणजे ४,३०० किलो, पण तो आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. वर थर वाढत गेले की ताकद घटत जाते. म्हणून जवळ अडकलेल्या गाडीलाही दोर जास्तीत जास्त सोडून, कप्पी लावून दुहेरी ओढा. वेग निम्मा, ताकद जवळपास दुप्पट. ड्रमवर सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे शिल्लक हवेत, नाहीतर दोर ड्रमवरच सरकतो.

पूर्ण भारावर विंच ४०० अँपिअरच्या घरात खेचतो, अल्टरनेटर त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा देतो. इंजिन चालू, रेस १,५०० च्या आसपास, अर्धा-पाऊण मिनिट ओढून तेवढीच विश्रांती. मोटर हात लावून बघा, चटका बसला तर थांबा.

झाडाला बांधताना ७५ मिमीचा रुंद पट्टा, बुंध्याशी अगदी खाली. नुसता दोर साल सोलतो. या माळावर ऐन, पळस आणि मोह आहेत. मोहाला बांधायचं नाही. शेजारच्या वाडीतली माणसं उन्हाळ्यात त्याची फुलं वेचतात, ते त्यांचं उत्पन्न आहे. ऐन चांगला, पण घेर दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा असेल तर तोही सोडा.

---

ऐरोलीची_जिम्नी | बुधवार, सकाळी ८.१५

सगळं वहीत उतरवून घेतलं. ओहोळाचं कुणी सांगेल का? थारला ६५० मिमी पाणी चालतं असं कंपनी म्हणते, गुरखाला ७००. जिम्नीने किती पाण्यात जावं?

---

मुरूम_आणि_माती | बुधवार, दुपारी १.३०

ते आकडे साचलेल्या पाण्याचे, सपाट तळाचे आणि मुंगीच्या वेगाचे. ओहोळात तळाला गोटे असतात, एक चाक खड्ड्यात गेलं की बोनेटचं एक टोक पंधरा-वीस सेंटीमीटर खाली जातं. आमचा नियम साधा : चाकाच्या मध्याच्या वर पाणी नको. जिम्नीच्या टायरचा व्यास साधारण ६९ सेंमी, म्हणजे ३४ सेंमीची रेघ. २५५/६५ आर १८ वाल्या थारला ३९. स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी) असला तरी हीच मर्यादा. स्नॉर्कल इंजिनचा श्वास वाचवतो, वाहत्या पाण्यात तरंगणारी गाडी थांबवत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकवतं, दोन फूट असेल तर मोठीही जाते.

आधी चालत पार करायचं, हातात काठी, पायात बूट. पाणी गढूळ असून पायाला तळ नीट लागत नसेल तर नाही. काठावर एक दगड उभा ठेवा आणि पाणी त्याच्या कुठे लागतंय ते बघा. दहा मिनिटांत बोटभर चढलं तर ओहोळ त्या दिवसापुरता बंद. काळू नदीत कुणीही, कधीही उतरणार नाही.

उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी थांबवा. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (डिफच्या आतली हवा जायची-यायची वाट) पाणी ओढून घेते. ब्रीदरची नळी चढवून वर बांधलेली असेल तर उत्तम. मग लो फर्स्ट किंवा सेकंड, क्लचवरून पाय बाजूला, पुढे छोटी लाट तयार होईल त्याच वेगाने सलग. मध्ये गियर बदलायचा नाही. बेल्टवर फिरणारा पंखा असलेल्या जुन्या जीपांत पंख्याची पाती पाण्याने वाकून रेडिएटरला लागतात, त्यांना अजून कमी पाणी.

आणि हे ठळक वाचा : पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर स्टार्ट करा. ओला असेल तर पेट्रोलचे प्लग काढून, डिझेलचे ग्लो प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. ते जमणार नसेल तर टोचन लावून घरी.

---

घोडबंदर_डिझेल | बुधवार, दुपारी २.१०

चढावर मध्येच बंद पडली तर?

---

पाना_चौदा | बुधवार, दुपारी ३.००

पहिली गोष्ट, स्टिअरिंग वळवून आडवी करायची नाही. आडवी झालेली गाडी लोळते. सरळ मागेच उतरायचं.

ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा. क्लच दाबून रिव्हर्स टाका, स्टार्ट करा. क्लच हळूहळू पूर्ण सोडा, मग हँडब्रेक, सगळ्यात शेवटी ब्रेक. आता गाडी इंजिनच्या ब्रेकवर सावकाश मागे येते. क्लच दाबून घसरत येणं ही सर्वांत मोठी चूक : पुढची चाकं लॉक होतात, स्टिअरिंग लागत नाही. खाली उतरतानाही लो फर्स्ट, दोन्ही पाय हलके. गाडी आडवी सरकायला लागली तर स्टिअरिंग उताराकडे आणि किंचित रेस, ब्रेक नाही. हात स्टिअरिंगच्या बाहेरून धरा, अंगठे आत घालू नका.

बांध ओलांडताना व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बघा. थारचा व्हीलबेस २,४५० मिमी, जिम्नीचा २,५९०, थार रॉक्सचा २,८५०. जेवढा लांब, तेवढी पोटावर आधी बसणार. लांब गाडीने बांधावर तिरकं चढावं, एकेक चाक.

---

लो_रेंज | बुधवार, रात्री ९.३०

उरलेलं पटकन.

माळापर्यंतचा पाणंद रस्ता खाचरांमधून जातो. हळव्या भाताला लोंब्या आल्या आहेत. समोरून बैल किंवा मोटारसायकल आली तर आपण मागे घ्यायचं, खाचराच्या बांधावर चाक चढवायचं नाही. बांधाचा कोपरा ढासळला की खाचरातलं पाणी रात्रीत निघून जातं आणि दाणा भरण्याच्या वेळी भात सुकतं.

वॉकीटॉकी लायसन्सशिवाय चालणारे, ४४६ मेगाहर्ट्झचे आणि मान्यताप्राप्तच. ऑनलाइन मिळणारे जास्त पॉवरचे सेट आणू नका. माळाच्या खालच्या भागात मोबाइलची रेंज येत-जात असते, त्यामुळे दर चार गाड्यांत एक सेट.

विमा : नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. आपण वेळ लावत नाही, नंबर देत नाही, तरीही पॉलिसीची ‘वापराची मर्यादा’ वाचून या. पाणी शिरून इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्ट नसताना बहुधा काही मिळत नाही.

पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. फुरसं आणि घोणस दोन्ही या भागात आहेत, गवतात हात घालण्याआधी काठी. कुणाला चावलं तर कापायचं, चोखायचं, बांधायचं काही नाही. तो अवयव हलू न देता मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, आणि १०८. अंगावर जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा धोका खरा आहे.

---

रानवाट | बुधवार, रात्री १०.१५

निघतानाचं विसरू नका. डांबरावर चढण्याआधी लिव्हर टू एचवर (ताकद दोनच चाकांना; फोर एचमध्ये चारही चाकांना). आपल्या गाड्यांना सेंटर डिफ नाही. कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये वळलं की पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतो, लिव्हर अडकतो.

आणि चिखल माळावरच उतरवा. टायरच्या नक्षीतून आणि चाकांच्या कमानींतून खुरप्याने काढा. मुरबाड रस्त्यावर पडलेल्या चिकण मातीच्या ढेकळावर संध्याकाळी मोटारसायकल घसरते. गाडी नदीवर धुवायची नाही.

रिमच्या आतल्या बाजूला माती राहिली तर हायवेवर ८० ला स्टिअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंट करायला धावतात, तिथे फक्त पाण्याचा फवारा पुरतो.

---

पाना_चौदा | बुधवार, रात्री १०.५०

घरी गेल्यावर : थार आणि जिम्नी दोन्हींना मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये बारीक गाळ बसतो आणि दोन-तीनशे किलोमीटरमध्ये लायनर घासून टाकतो. त्याच आठवड्यात ड्रम काढून साफ करा. डिफचा फिलर बोल्ट उघडून बोट बुडवा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. पाण्यासकट चालवलं तर बेअरिंग जातं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस भरा, जुनं चिखलाचं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एअर फिल्टर बघा. रेडिएटर मागून पुढे, हलक्या फवाऱ्याने धुवा. समोरून जोराने मारलं तर माती जाळीत आणखी घट्ट बसते आणि पहिल्याच घाटात टेंपरेचर चढतं.

---

ऐरोलीची_जिम्नी | गुरुवार, सकाळी ७.४०

नाव नोंदवलं. माझ्याकडे १९ मिमी दोर नाही, टोचनाचा पट्टा आहे. शॅकलवर काहीच कोरलेलं नाही, तो ठेवून येते.

---

लो_रेंज | गुरुवार, सकाळी ८.०५

ताई, ठेवूनच या. क्लबचे तीन दोर आहेत, दोन २२ चे आणि एक १९ चा. १९ चा दोर आणि दोन ३.२५ टनी शॅकल तुमच्या गटाच्या मार्शलकडे देतो. तुम्ही फावडं, घमेलं आणि दोन गोणपाटं आणा, ती आत्तापर्यंत कुणीच लिहिलेली नाहीत. अकरा गाड्या झाल्या, तीन जागा उरल्या. कॉम्प्रेसर अजून दोनच आहेत, तिसरा कोण आणतंय ते इथे लिहा.